अनुष्काला बसवा

मनामा, बहारीन
शुक्रवार, दुपारी

प्रिय रुपालीताईस,

हेमूचा वाकून नमस्कार. (वाकणं मनातल्या मनात समजून घे. कंबर सध्या अर्ध्यापर्यंत वाकते आणि तिथेच मुक्काम ठोकते.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं रोज सकाळी टेकडी चढणं चालू आहे, की टेकडीच्या पायथ्याशी चहा पिऊन परत येणं चालू आहे? आम्ही दोघं इथे बरे आहोत. म्हणजे ऑगस्ट महिन्यात बहारीनमध्ये माणूस जेवढा बरा असू शकतो तेवढे. सकाळी सातला गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि ज्याला उभा जन्म लोकांना गार हवा पुरवायची नोकरी आहे तो तुझा भाऊ घामाने निथळत असतो. शुभदाने तुला नमस्कार सांगितलाय. ती सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण तुला नमस्कार सांगणं हे कामात धरलं तिने.

कागदावरचं पत्र बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही, माझी नोकरीही शाबूत आहे. आम्ही शुक्रवारी खेळतो त्या संघातला गौरव सुट्टीवर पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतोय. (पाकीट मुद्दाम दोनदा चिकटवलंय. माणूस चांगला आहे, पण बँकेत काम करतो, त्याला दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे.) व्हॉट्सअ‍ॅप असताना पत्र कशाला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मी मे महिन्यात दोन शब्द लिहिले आणि त्या दोन शब्दांनी माझं घर बसवलं. बसवलं म्हणजे खाली बसवलं. हा शब्द आता जपून वापरावा लागतो, का ते कळेलच.

अनुष्का रविवारी तुझ्याकडे जेवायला येते हे मला शुभदाकडून कळलं. खरं म्हणजे लेकीकडून कळायला हवं. पण लेक मला फक्त अंगठा पाठवते. मी विचारतो, जेवलीस का? अंगठा. कॉलेज कसं आहे? अंगठा. हॉस्टेलच्या खोलीला पंखा आहे का? अंगठा. आता त्या अंगठ्यावरून पंखा आहे, की पंखा नाही पण चालतंय, की तुम्हाला काय करायचंय, हे बापाने कसं ओळखायचं? तिने तुला सगळं सांगितलं असणार. तिची बाजू तू ऐकलीस, आता माझी ऐक. माझी बाजू लंगडी आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

तुला आधी आमचा खेळ समजावायला हवा. त्याला फुटबॉल म्हणतात, पण पायांचा संबंध फक्त पळण्यापुरता. चेंडू लांबट, सोललेल्या नारळाएवढा. दोन्हीकडे पाच-पाच माणसं. प्रत्येकाच्या कमरेला दोन फिती लटकवलेल्या, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत कुणी ओढली की तो तिथेच थांबला. धक्काबुक्की नाही, म्हणून तर आमच्यासारखी पन्नाशीची माणसं खेळतात. चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे जो चार सेकंदांत ठरवतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. मुझम्मिल त्याला कोटरबॅग म्हणतो. (मुझम्मिल म्हणजे माझा इथला जुना दोस्त, मूळचा रत्नागिरीचा. जिदहफ्सच्या बाजारात त्याचं फ्रीज-एसीच्या पार्टचं दुकान आहे. तो आमच्या संघाचा कप्तान.) बुदैयाच्या रस्त्याला एक भाड्याचं मैदान आहे, तिथे हिवाळ्यापासून मे उजाडेपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सामने होतात. एका शाळेतल्या अमेरिकन मास्तरने ही स्पर्धा सुरू केली. आमच्या संघाचं नाव हूरा हरिकेन्स, हूरा ही मनामातली एक वस्ती. वादळ कसलं, टेबलफॅनची हवा म्हण.

मी क्वार्टरबॅक कसा झालो ते विचारू नकोस. बरं, विचारलंस तर सांगतो. पहिल्या दिवशी त्या मास्तरने विचारलं, तुमच्यात ओरडणारा कोण? पंचवीस वर्षं मी हॉटेलच्या प्लँटरूममध्ये कॉम्प्रेसरच्या आवाजावर आवाज काढतोय, तेव्हा सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. फेकता येतं का हे कुणी विचारलंच नाही. माझा पहिला फेकलेला चेंडू पंचाच्या कानाला लागला, दुसरा रस्त्यापलीकडच्या खजुराच्या बागेत गेला, आणि तिसऱ्याला माझा खांदा असा काही वाजला की समोरच्या संघाने सहानुभूतीने टाळ्या वाजवल्या. तरी तीन वर्षं मीच क्वार्टरबॅक. दर शुक्रवारी पाचला बूट घालताना मला वाटायचं, हेमचंद्र, तुझ्यावाचून या लोकांचं अडतं बरं का. आठवड्याचे सहा दिवस असं वाटायला दुसरं काही नसतं, ताई.

समोरच्यांना कळू नये म्हणून आम्ही आमच्या चालींना मराठी नावं ठेवली. ती नावं अनुष्काची. डावीकडे लांबवर फेकायचा तर ‘मावशी’. उजवीकडे जवळच, जो कधी सोडत नाही त्याच्या हातात द्यायचा तर ‘आत्या’. (वाचतेस ना? तुझ्यावरूनच.) आणि ‘सासरे’ म्हणजे कुणीच हलायचं नाही, नुसतं दरारा दाखवून उभं राहायचं. वर्षभर हे छान चाललं. मग एका सामन्यात समोरच्या संघात चिपळूणचा माणूस निघाला आणि आमच्या सगळ्या मावश्या त्याने मधल्यामध्ये झेलल्या.

आता मूळ मुद्दा. अनुष्का पंधराची असताना मला पाणी द्यायला म्हणून मैदानावर आली आणि त्या मास्तरकडून फेकायला शिकली. ताई, तिचा चेंडू कसा जातो ते तू बघायला हवं होतंस. सरळ, स्वतःभोवती फिरत, ज्याच्या हातात जायचा त्याच्या हातात. माझा चेंडू हवेत गेला की खालच्यांना पळायचं कुठे ते कळत नाही, तिचा गेला की पळणारा नुसता हात पुढे करतो. सोळा पूर्ण झाली तशी तिचं नाव संघात घातलं. आणि घरात प्रश्न उभा राहिला: नव्या क्वार्टरबॅकला लगेच खेळवायचं, की जुन्याच्या मागे बसवून आधी शिकू द्यायचं?

हा प्रश्न आमच्याच घरात आहे असं समजू नकोस. अमेरिकेत यावर टीव्हीवर टायवाली माणसं आठवडाभर भांडतात. एक म्हणतो, बसवा त्याला, दोन वर्षं नुसतं बघू दे, नाहीतर पोराचा कायमचा धीर खचेल. दुसरा म्हणतो, बसून बसून मुळं फुटतील, खेळवा. मी पहिल्याच्या बाजूचा. कडवा. कारण तुला ठाऊक आहे, चिंचवडच्या कारखान्यात आमच्या फोरमनने मला दोन वर्षं कॉम्प्रेसरला हात लावू दिला नव्हता. मी फक्त बॅटरी धरायची. उजेड जरा हलला की शिवी. दोन वर्षांनी एकदा त्याला कावीळ झाली, मशीन बंद पडलं, मी एकट्याने उघडलं आणि प्रत्येक बोल्ट मला डोळे मिटून माहीत होता. ही गोष्ट मी अनुष्काला अकरा वेळा सांगितली. (अकरा हा आकडा तिचा.) अकराव्या वेळी तिने शांतपणे इंग्रजीत विचारलं, म्हणजे तुम्हाला चान्स मिळायला त्यांना कावीळ व्हावी लागली? आणि वर म्हणाली, “आय होप यू स्टे हेल्दी, बाबा.” ती इंग्रजीतच उत्तरं देते, इथली सगळीच पोरं देतात, पण त्या दिवशी ते इंग्रजी मला जास्तच स्वच्छ ऐकू आलं.

तर ती बसली. दोन हिवाळे बसली. बाजूच्या रेषेवर बर्फाची निळी पेटी असते, तिच्यावर. दर शुक्रवारी केस घट्ट बांधून यायची, सगळ्यांआधी मैदानावर पोचायची, आणि पेटीवर बसून माझ्या प्रत्येक चुकीची वहीत नोंद करायची. शिकतेय, असं मी म्हणायचो. एकदा वही चाळली तर पानंच्या पानं एकाच इंग्रजी वाक्याची, डावीकडे मुझम्मिल अंकल मोकळे होते, बाबांनी बघितलं नाही. मी दर सामन्याआधी मुझम्मिलला सांगायचो, आज अनुष्काला बसव, पुढच्या वेळी बघू. तो नुसती मान डोलवायचा. कधीमधी म्हणायचा, हेमूभाय, पोरीचा हात चांगला हाय, थोडा खेलू दे ना. मी म्हणायचो, घाई नको. आम्ही त्या दोन वर्षांत एकूण तीन सामने जिंकलो, त्यातले दोन समोरचा संघ आला नाही म्हणून.

मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हंगामाचा शेवटचा सामना. पुढच्या हंगामाआधी ती पुण्याला जाणार हे ठरलेलं होतं, म्हणजे तिचाही शेवटचा. त्या दिवशी सकाळी मी पोहे खात होतो तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली आणि मराठीत बोलली. संपूर्ण मराठीत, ताई, एकही इंग्रजी शब्द न घालता. “बाबा, आज तरी मला खेळू द्याल का?” तिला मराठीत बोलायला किती जुळवाजुळव करावी लागते ते मला माहीत आहे. बाथरूममध्ये तालीम केली असणार. आणि मी काय म्हणालो? “इंशाल्ला.” नंतर हे मुझम्मिलला कळलं तेव्हा त्याने मला बरंच सुनावलं. म्हणाला, आमी इंशाल्ला म्हणतो तेव्हा मनात करायचा इरादा असतो, तुम्ही लोकांनी त्याचं ‘बघू’ करून ठेवलंय. 

दुपारी दोनला हॉटेलमधून फोन आला, अख्ख्या इमारतीला गार हवा देणारा चिलर बंद. खाली हॉलमध्ये लग्न, चारशे पाहुणे, वर नवरीचा मेकअप वितळायला लागलेला. मी यल्ला, म्हणजे चला, म्हणून निघालो. आज मैदानावर पोचत नाही हे उघड होतं. म्हणजे क्वार्टरबॅक कोण, हा प्रश्नच उरला नव्हता. फोरमनला कावीळ झाली होती. मी मुझम्मिलला घाईघाईत संदेश टाकला: ‘अनुष्काला बसवा.’

आता तूच सांग. तू तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंस. आपण गणपती बसवतो म्हणजे त्याला बाहेर ठेवतो का? नाटक बसवतो, अंगठीत खडा बसवतो. मी तर आयुष्यभर पंप बसवत आलो. माझ्या धंद्यात मोटर बसवली म्हणजे जागेवर घातली, नट आवळले, आता ती चालणार. संघात अनुष्काला बसवा, इतकाच त्याचा अर्थ. पण मुझम्मिलने दोन वर्षं माझ्या तोंडून हाच शब्द ऐकला होता आणि दोन्ही वर्षं त्याचा अर्थ एकच होता, निळी पेटी. तो संदेश त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही धड, पण कानाला सगळं कळतं. ती म्हणे पेटीवर जाऊन बसली, वही मात्र उघडली नाही.

क्वार्टरबॅक म्हणून गौरवला उभा केला. गौरवला चेंडू हातात आला की तो आधी चष्मा वर सरकवतो, तोवर समोरचे लोक येऊन त्याची फीत ओढून घरी जायला निघालेले असतात. त्याने फेकलेल्या नऊ चेंडूंपैकी पाच समोरच्या संघाने झेलले, त्यातला एक तर त्याने बहुतेक ओळखीच्या माणसाला म्हणून दिला. अर्ध्या वेळेला मुझम्मिलने मला फोन लावला, पोरीला आणतो म्हणून विचारायला. मग पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. प्लँटरूममध्ये आवाज एवढा असतो की फोन ऐकू येत नाही. छत्तीस विरुद्ध शून्य असे आम्ही हरलो. मुझम्मिलने तिला घरी सोडलं. गाडीत त्याने विचारलं, बेटा, राग आला काय? ती म्हणाली, “नो अंकल, ही टोल्ड यू क्लिअरली.”

त्यानंतर ती दोन महिने याच घरात होती. ओके, फाइन, नो थँक्स, एवढ्या तीन शब्दांवर तिने मे आणि जून काढला. मी मुझम्मिलला घरी आणलं, त्याने हलव्याचा डबा पुढे ठेवून चूक माझी झाली असं तीनदा सांगितलं, मी गणपतीचं आणि पंपाचं उदाहरण दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं, हलवा घेतला, थँक्यू म्हणाली आणि खोलीत गेली. शुभदाने डबा उचलता उचलता मला विचारलं की एवढं व्याकरण सांगण्यापेक्षा नुसतं चुकलो म्हणायला काय झालं होतं. विमानतळावर अनुष्का माझ्या पाया पडली, कारण शुभदाने डोळ्यांनी खुणावलं म्हणून. मग सरळ आत गेली. शुभदा टक लावून बघत होती, मी पण बघत होतो, तिने पासपोर्ट पुढे केला आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

घर फार वाईट झालंय, ताई. तिची खोली आम्ही उघडत नाही, कारण उघडली की एसी लावावासा वाटतो. शुक्रवारी पाच वाजले की मी उगीच बूट बघतो. खांद्याचं कारण सांगून मी संघातून नाव काढून घेतलंय. खांदा खरंच दुखतो, पण तो तीन वर्षं दुखतच होता. नव्या माणसाने बसून शिकावं हे मला आजही पटतं. बॅटरी धरल्याशिवाय मला कॉम्प्रेसर कळला नसता. पण फोरमन नसेल तेव्हा मशीन कुणाच्या हाती जाणार हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि तो फोरमन कावीळ उतरून परत आला तेव्हा त्याने माझं काम बघितलं, एक शिवी दिली आणि स्वतः चहा आणायला गेला. हा भाग मी अनुष्काला अकरा वेळांत एकदाही सांगितला नाही. का सांगितला नाही कोण जाणे.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा धाकटा भाऊ,
हेमचंद्र

ता. क. : गौरव परत येताना त्याच्याबरोबर थालिपिठाची भाजणी पाठव. किलोभर पुरे. आता दोघंच आहोत.

ता. क. २ : भाजणी नाही पाठवलीस तरी चालेल. खरं काम वेगळं आहे. येत्या रविवारी अनुष्का आली की हे पत्र तिला वाचून दाखव. तिला स्वतःला वाचायला देऊ नकोस, पहिलं पान होईपर्यंत आमटी गार होईल. तू मुलांना धडा वाचून दाखवायचीस तसं सावकाश वाच. कंसातलं गाळलंस तरी चालेल. फोनवर मी सांगायला गेलो की ती ओके म्हणते आणि मग मला पुढचं सुचत नाही.

ता. क. ३ : हे मात्र तुझ्यापुरतं. घाईघाईत संदेश टाकला असं मी वर लिहिलंय. घाई कसलीही नव्हती. हॉटेलच्या तळघरात गाडी लावून मी पाच मिनिटं फोन हातात घेऊन बसलो होतो. आधी लिहिलं होतं, ‘अनुष्काला खेळवा.’ चांगलं स्पष्ट लिहिलं होतं. मग ते पुसलं आणि ‘बसवा’ लिहिलं. मुझम्मिल त्याचा काय अर्थ घेईल ते मला ठाऊक होतं, ताई. आणि कुणी विचारलंच तर दुसरा अर्थ सांगता येईल हेही ठाऊक होतं. फोन तिन्ही वेळा खिशात थरथरला, मला कळलं. ती हरेल अशी भीती नव्हती. ती छान खेळेल आणि मग मला कुणी शुक्रवारी बोलावणार नाही, याची होती. पोरीचा एक सामना होता, तो मी तिला दिला नाही. हे तिला सांगायचं की नाही ते मी तुझ्यावर सोडतो.

ता. क. ४ : वरचं शेवटचं वाक्य खोड. मुझम्मिलवर सोडलं तसंच आता तुझ्यावर सोडत होतो. तिला सांग. जेवायला बसायच्या आधी, सगळ्यात आधी तिसरा ताजा कलमच वाच, आणि मोठ्याने वाच. बाकीचं पत्र तिने ऐकायचं म्हटलं तर ऐकव, नाहीतर राहू दे.